प्लंबर, वायरमन, गिलावावाले यांचा मेळच बसेना. लास्ट प्लॅनर (काम करणाऱ्यांनीच आठवड्याचा प्लॅन ठरवायची पद्धत) छोट्या साइटवर कुणी चालवलंय का? (सोलापूर)

विजापूररोड_साइट

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापूरमध्ये पार्किंग प्लस सात मजले, दोन विंगा अशी रेसिडेन्शियल साइट आहे, मी तिथं साइट इंजिनिअर. आरसीसी (काँक्रीटचा सांगाडा) होईपर्यंत ठीक चाललं, कारण सेंट्रिंग, स्टील बांधणं आणि काँक्रीट सगळं एकाच लेबर कॉन्ट्रॅक्टरकडं होतं, त्याचं त्यालाच कळायचं कधी काय लागतंय ते. आता फिनिशिंगला आलोय आणि ब्लॉकवाला वेगळा, प्लंबर वेगळा, वायरमन वेगळा, वॉटरप्रूफिंगवाला पुण्याहून येतो, गिलावा कर्नाटकातल्या इंडीकडच्या मुकादमाकडं, फरशीला राजस्थानी मिस्त्री, चौकटी आणि खिडक्या अजून दोघांकडं. रोज कुणी ना कुणी मोकळा बसलेला असतो आणि त्याच वेळी दुसऱ्या विंगेत जो पाहिजे तो आलेलाच नसतो. गिलावा झालेल्या भिंतीत परत झिरी (वायर-पाइपसाठी खाच) मारली जाते, फरशी बसली की प्लंबर येऊन कोपरा फोडतो, मग फरशीवाला म्हणतो दुरुस्तीचे पैसे कोण देणार.

ऑफिसात मोठ्या शेड्युलचा प्रिंट भिंतीला लावलाय पण तो बघून कुणी काम करत नाही, मुकादमाला त्यातलं काही लागत पण नाही. मालक म्हणतात लेट झाला की दिवसाला दंड लावा, आणि दोन ठेकेदार तर बदलूनच टाका. मला हे पटत नाहीये कारण यातले दोघंतिघं शहरातल्या चांगल्या साइटवर नावाजलेले आहेत, तिकडं वेळेत काम देतात मग आमच्याकडंच असं का होतंय.

लीन कन्स्ट्रक्शन (वेळ, माल, माणसं वाया न घालवता बांधकाम करणं) आणि त्यातल्या लास्ट प्लॅनरबद्दल वाचलं, व्हिडिओ पण बघितले. त्यात सगळं मेट्रो, हॉस्पिटल, एअरपोर्ट असलं मोठं दिसतं. आपल्याएवढ्या साइटवर, निम्मे मुकादम कानडी आणि तेलुगू बोलणारे, मराठी वाचता न येणारे, तिथं हे चालतं का? आणि ठेकेदाराचा परफॉर्मन्स मोजायचा कसा म्हणजे कुणावर अन्याय होणार नाही? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

---

नियोजनवाला

चांगला विषय काढलात. मी पुण्यात मोठ्या साइटवर प्लॅनिंगला होतो, आता सोलापुरातच दोनतीन बिल्डरांची कामं बघतो. चालतं. उलट छोट्या साइटवर सोपं जातं कारण सगळे ठेकेदार एका टेबलाभोवती बसू शकतात.

आधी एक गोष्ट, म्हणजे हा त्रास फक्त आपल्या गावाचा आहे असं वाटायला नको. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या बांधकामाच्या अभ्यासकांनी अमेरिकेत नव्वदच्या दशकात मोजायला सुरुवात केली की आठवड्याच्या प्लॅनमध्ये लिहिलेली कामं त्या आठवड्यात खरोखर किती पुरी होतात. सरासरी ५४ टक्क्यांच्या आसपास आली. म्हणजे अनुभवी फोरमन, चांगली मशिनरी, पैसा असून निम्मीच कामं ठरल्याप्रमाणं होत होती. तिथून लास्ट प्लॅनर आलं, १९९७ मध्ये दोघांनी लीन कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूट काढली आणि २००० मध्ये बॅलार्डची त्यावरच पीएचडी झाली.

गाभा एवढाच की प्लॅन दोन वेगळ्या गोष्टींचा असतो, काय व्हायला पाहिजे ते एक आणि काय होऊ शकतं ते दुसरं. तुमच्या भिंतीवरचा बारचार्ट सांगतो की तिसऱ्या मजल्याचा गिलावा सोमवारी सुरू व्हायला पाहिजे. तो होऊ शकतो का हे चार्टला माहीत नाही, ते मुकादमाला माहीत असतं. तर आठवड्याचं वचन त्यानंच द्यायचं, आणि होऊ शकत नसेल तर नाही म्हणायची मुभा त्याला पाहिजे. हे "नाही" ऐकायची तयारी नसेल तर बाकी सगळं करून काही उपयोग नाही.

होऊ शकतं का हे ठरवायला फिनलंडच्या लॉरी कोस्केला या संशोधकानं सात गोष्टी सांगितल्यात: ड्रॉइंग किंवा माहिती, माल, माणसं, हत्यारं-मशिन, जागा, आधीचं काम पुरं झालेलं, आणि बाहेरची परिस्थिती. सातातली एक जरी नसली तरी काम सुरू करून द्यायचं नाही. आपल्याकडं उलटं चालतं, पाच गोष्टी असल्या की "चालू तर करा, बाकीचं बघू". कोस्केलानं २००४ मध्ये यालाच स्वतंत्र वेस्ट (वाया जाण्याचा प्रकार) म्हणून धरलं. टोयोटा कंपनीत टाइची ओनो या इंजिनिअरनं सांगितलेली सात वेस्ट होती, ही आठवी. तुमच्याकडं गिलाव्यानंतर झिरी का मारावी लागते? इलेक्ट्रिकल पॉइंटचं ड्रॉइंग फायनल नसताना गिलावा "चालू तर करा" म्हणून चालू झाला असणार, तपासून बघा.

सोलापुरात बाहेरच्या परिस्थितीत काय काय येतं ते लिहूनच ठेवा. पाणी रोज येत नाही, दिवसाआड पण नाही, त्यामुळं क्युरिंगचा (काँक्रीट पाणी मारून ओलं ठेवण्याचा) टँकर ही माल म्हणूनच यादीत पाहिजे. आयएस ४५६ मध्ये (काँक्रीटचं भारतीय मानक) साध्या सिमेंटला किमान ७ दिवस क्युरिंग आहे, ब्लेंडेड सिमेंट असेल किंवा हवा कोरडी आणि गरम असेल तर १० दिवस. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं हवा कोरडी आणि गरमच असते आणि बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसीच (तेपण ब्लेंडेडच), म्हणजे ७ धरून प्लॅन केला तर तो सुरुवातीलाच चुकला. उन्हाळ्यात दुपारचं बाहेरचं काम बंद धरायचं, सकाळी लवकर चालू करायचं. जानेवारीत सिद्धेश्वरची गड्डा यात्रा, जूनमध्ये पेरणी, दिवाळीनंतर छठला बिहारची पोरं गावी, उसाचा हंगाम लागला की काही टोळ्या तिकडं. दर वर्षी हेच होतं तरी आपण दर वर्षी "लेबर पळालं" म्हणतो!

पद्धत थोडक्यात. मोठ्या साइटवर सहा आठवडे पुढचं बघतात, तुम्हाला चार पुरे. दर आठवड्याला पुढच्या चार आठवड्यांची कामं घ्यायची, प्रत्येकाला काय अडचण आहे ते लिहायचं, ती अडचण कोण सोडवणार आणि कुठल्या तारखेपर्यंत ते लिहायचं. ज्या कामाच्या सगळ्या अडचणी सुटल्या तेवढीच पुढच्या आठवड्याच्या यादीत घ्यायची. शिवाय एकदोन तयार कामं राखीव ठेवायची, कुणाचं अडलं तर माणसं तिकडं जातील, मोकळी बसणार नाहीत. आठवडा संपला की हो किंवा नाही. २० कामांचं वचन होतं आणि ११ पुरी झाली तर ५५ टक्के. नव्वद टक्के झालेलं काम म्हणजे न झालेलं, कारण मागून येणाऱ्या ठेकेदाराला अर्धवट खोलीत शिरता येत नाही. आणि जे झालं नाही त्याचं कारण तिथंच लिहायचं.

हा आकडा उत्पादकतेचा नाही आणि ठेकेदाराचा तर मुळीच नाही. तो तुमच्या साइटच्या नियोजनाचा आकडा आहे. त्यावर दंड लावलात की दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक जण निम्मंच वचन देईल, आकडा ९५ होईल आणि बिल्डिंग आहे तिथंच राहील.

---

वायरिंगवाले_अक्कलकोटरोड

मी इलेक्ट्रिकल ठेकेदार आहे, म्हणून आमची बाजू लिहितो, साहेब लोकांनी वाईट वाटून घेऊ नये.

रात्री नऊला फोन येतो उद्या चार माणसं पाठवा, सहाव्या मजल्याची झिरी चालू करायचीय. सकाळी पोरं जातात तर ब्लॉकवाला अजून बांधलालाय, चौकटी लागलेल्या नाहीत, मग स्विचबोर्ड दाराच्या कुठल्या बाजूला घ्यायचा? फरशीच्या लेव्हलची लाइन भिंतीवर मारलेली नसती तर बॉक्सची उंची कशावरून धरायची? पोरांची हजेरी मला द्यावीच लागती, पॉइंटच्या रेटमध्ये ती हजेरी कुठं बसती सांगा. दोन वेळा असं झालं की तिसऱ्या वेळी मी चार ऐवजी दोनच पाठवतो, आणि त्या दिवशी नेमकं काम तयार असतं, मग तुम्ही म्हणता बघा कसा माणसं देत नाही.

एका ठेकेदाराकडं तीनचार साइट का असतात? लोभापायी नाही मालक. कुठलीच साइट भरवशाची नाही म्हणून! एकीकडं अडलं की पोरांना दुसरीकडं पाठवून त्यांची हजेरी निघावी लागती. ज्या साइटवर काम तयार मिळतं आणि बिल वेळेत निघतं तिथं माझी चांगली पोरं जातात, उरलेली उरलेल्या साइटवर. हे सगळेच ठेकेदार करतात, कुणी बोलत नाही एवढंच. तुमच्याकडचे दोघं दुसऱ्या साइटवर चांगले का आणि तुमच्याकडं का नाहीत याचं उत्तर मला तरी हेच वाटतं.

बिलाचं पण वरच्या सरांनी यादीत घालायला पाहिजे होतं. सात गोष्टीत पैसा नाही का?

---

बांधकाममालक_सोलापूर

मी पैसे लावणाऱ्या बाजूचा. वायरिंगवाल्यांचं म्हणणं वाचलं, खोटं आहे असं म्हणत नाही, पण नाण्याची दुसरी बाजू पण ऐका. रेराला (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) पझेशनची तारीख मी दिलेली असते, ती हुकली की ग्राहकाला व्याज मी देतो, ठेकेदार नाही. बँकेचं व्याज महिन्याला चालूच. मागच्या कामाला एका गिलावावाल्यानं उचल घेतली आणि टोळी घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेला, फोन बंद. आता त्याच्याशी कसलं वचन ठरवायचं? दंडाची अट नसेल तर आम्हाला धरायला काहीच राहत नाही. सगळेच ठेकेदार परिस्थितीचे बळी नसतात, काही खरंच कामचुकार असतात, हे पण मान्य करा. मोजमाप असं पाहिजे की चांगला आणि वाईट वेगळा दिसला पाहिजे. नियोजनवाल्यांनी आकडा ठेकेदाराचा नाही म्हणून सांगितलं, मग ठेकेदाराचा आकडा कुठला ते पण सांगा.

---

सिव्हिलचा_मास्तर

मी डिप्लोमाच्या पोरांना कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट शिकवतो. मालकांच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी एक साधं गणित टाकतो, ते बघितल्याशिवाय कुणाचाही परफॉर्मन्स मोजू नये असं माझं ठाम मत आहे.

समजा फ्लॅटमध्ये एकामागं एक पाच ठेकेदार आहेत आणि प्रत्येक जण शंभरातली ८० वेळा ठरल्या दिवशी काम देतो. ८० टक्के म्हणजे आपल्याकडं फार चांगला ठेकेदार. पाचही जण एकाच फ्लॅटमध्ये ठरल्याप्रमाणं देतील याची शक्यता किती? ०.८ ला पाच वेळा गुणा, ३३ टक्के येते. प्रत्येक जण ९० टक्क्यांचा असला तरी ५९. म्हणजे शेवटचा फरशीवाला कितीही गुणी असला तरी, त्याच्या आधीचे चौघं ८० टक्क्यांचे असतील तर, दर पाच फ्लॅटमधल्या तीन ठिकाणी त्याला काम वेळेत मिळणारच नाही. आणि आपण लेटचा शिक्का कुणावर मारतो, तर शेवटच्यावर, कारण उशीर दिसतो तिथं!

यावर एक खेळ आहे, परेड ऑफ ट्रेड्स, आयरिस टॉमलीन, डेव्हिड रायली आणि ग्रेग हॉवेल यांचा त्यावरचा पेपर १९९९ चा. मी वर्गात खेळवतो. पोरं रांगेत बसतात, प्रत्येक जण एक ठेकेदार, फासा टाकायचा आणि जेवढे पडतील तेवढे ठोकळे पुढच्याकडं सरकवायचे, पण जवळ असतील तेवढेच सरकवता येतात. एका रांगेच्या फाशावर नुसते ३ आणि ४ असतात, दुसऱ्या रांगेच्या फाशावर १ आणि ६. सरासरी दोघांची साडेतीनच, म्हणजे कागदावर दोन्ही टोळ्या सारख्याच कामसू. तरी १ आणि ६ वाली रांग कितीतरी उशिरा संपते, आणि तिच्यातली शेवटची पोरं हात बांधून बसलेली असतात. ६ पडले तरी आधीच्यानं दोनच ठोकळे दिले असतील तर चार वाया, आणि ते वाया गेलेले नंतर भरून निघत नाहीत. मालकांना माझी विनंती आहे की हा खेळ एकदा सगळ्या मुकादमांना चहासोबत खेळवा, भाषा लागत नाही त्याला.

यातून निघतं काय, तर ठेकेदाराला जास्त वेगानं पळवण्यापेक्षा त्याचा वेग सारखा राहणं महत्त्वाचं. एका आठवड्यात सहा फ्लॅट करणारा आणि पुढच्या आठवड्यात गायब होणारा मला नको, दर आठवड्याला तीन फ्लॅट देणारा पाहिजे. आपण कौतुक मात्र पहिल्याचंच करतो.

---

नियोजनवाला

मास्तर, फार छान मांडलंत. आता मालकांच्या प्रश्नाला.

ठेकेदाराचा आकडा वेगळा काढता येतो आणि काढावाच. अट एकच, ज्या कामाच्या सगळ्या गोष्टी तयार होत्या आणि त्यानं स्वतः वचन दिलं होतं तेवढीच कामं धरायची. गिलावावाल्यानं आठ खोल्यांचं वचन दिलं. त्यातल्या तीन खोल्यांत प्लंबरचं पाइपचं प्रेशर टेस्टिंगच (दाबानं पाणी भरून गळती बघणं) झालं नव्हतं, त्या बाजूला काढा, त्या तुमच्या खात्यात. राहिलेल्या पाचातल्या किती दिल्या? चार दिल्या तर तो चांगला ठेकेदार. दोनच दिल्या आणि असं दर आठवड्याला होत असेल तर तुम्ही म्हणता तो कामचुकार सापडला, आणि आता तुमच्या हातात कागद आहे, नुसता राग नाही. याच्या जोडीला तीन गोष्टी मी बघतो: पुढच्या ठेकेदारानं खोली ताब्यात घेताना किती दोष काढले, टोळीतली तीच माणसं टिकतात का दर आठवड्याला नवी येतात, आणि खोली झाडून देतो का. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल पण मलबा पडलेल्या खोलीत पुढच्याचा अर्धा दिवस जातो.

दंडाची अट करारात असू दे, काढा म्हणत नाही. पण ती लागू कधी, तर "काम तयार आहे" अशी साइट इंजिनिअरची आणि मुकादमाची दोघांची सही असेल तेव्हाच. असं केलं की दंडाची धमकी क्वचितच वापरावी लागते आणि वापरली तर ठेकेदाराला पण ती पटते.

मुख्य म्हणजे तुमच्या बाजूचा पण आकडा काढा. चार आठवडे आधी ज्या अडचणी लिहिल्या त्यातल्या किती वेळेत सुटल्या? टाइलचं सिलेक्शन ग्राहकाकडून आलं का, आर्किटेक्टनं टॉयलेटचं डिटेल दिलं का, लिफ्ट किंवा माल चढवायची हॉइस्ट चालू होती का. माझ्या बघण्यात न झालेल्या कामांची कारणं लिहायला लागलं की "माणसं कमी" हे कारण लोकांना वाटतं तेवढं वर येत नाही, आधीचं काम अपुरं आणि माहिती नाही हीच दोन सारखी सारखी येतात.

आणि वायरिंगवाले, तुमचं बरोबर आहे. कोस्केलाच्या यादीत पैसा वेगळा लिहिलेला नाही, पण आपल्याकडं मी आठवी ओळ म्हणून घालतोच: मागचं बिल निघालं का. थकलेलं बिल म्हणजे पुढच्या आठवड्याची माणसं नाहीत, हे सरळ आहे. छोट्या उद्योगांसाठी २००६ च्या एमएसएमई कायद्यात बिल देण्याची ४५ दिवसांची कमाल मुदत आहे, बांधकामाच्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला (माल आणि मजुरी एकत्र असलेला ठेका) ती लागते का यावर कोर्टांचे निकाल एकसारखे नाहीत, पण कायद्याची वाट कशाला बघायची.

---

विजापूररोड_साइट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मास्तरांचं ३३ टक्क्यांचं गणित मालकांना दाखवलं, ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले ठेकेदार बदलायचं महिनाभर थांबू.

आता अडचण अशी की मीटिंगला मुकादमाला विचारलं "सहाव्या मजल्याचे चार फ्लॅट शनिवारपर्यंत होतील का" तर तो "होतंय की साहेब" एवढंच म्हणतो. सगळ्यालाच होतंय. नाही म्हणायची सवयच नाही त्यांना, साहेबासमोर नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा वाटतो. मालक शेजारी बसलेले असतील तर विचारूच नका. आणि बोर्ड कसा करायचा तेपण सांगा, चिकटणाऱ्या चिठ्ठ्या लावून बघितल्या, सिमेंटच्या धुळीत दुपारपर्यंत खाली पडतात.

---

नियोजनवाला

"होतंय की" वर उपाय म्हणजे होतंय का हे विचारायचंच नाही. "माणसं किती आणणार", "एका फ्लॅटला किती दिवस लागतात", "सुरू करायला काय लागेल" हे विचारायचं. चार फ्लॅट, फ्लॅटला दोन दिवस, एकच टोळी, म्हणजे आठ दिवस, शनिवारी कसं होईल? हे तो स्वतःच बोलतो मग, "नाही साहेब, तीन होतील, बरोबर तीन." ते तीन लिहा आणि तीन झाले की सगळ्यांसमोर चांगलं म्हणा, चार का नाही हा प्रश्न त्या दिवशी काढायचा नाही. मालकांना पहिले काही आठवडे मीटिंगला बसवू नका, नंतर ते येऊन नुसते ऐकायला लागले तर चालेल. मीटिंग ज्या दिवशी लेबरला बाजाराचे पैसे वाटतात त्या दिवशी ठेवा, सगळे मुकादम साइटवर असतातच, वेगळं बोलवावं लागत नाही.

बोर्ड प्लायवूडचा करा. उभ्या ओळीत आठवड्याचे दिवस, आडव्या ओळीत फ्लॅट नंबर. प्रत्येक ठेकेदाराला एक रंग, जाड पुठ्ठ्याचे तुकडे आणि टाचण्या. वाचायला काही नाही, रंग आणि आकडा बघायचा. एका फ्लॅटवर एका दिवशी दोन रंग आले की भांडण कुठं होणार ते सगळ्यांना तिथंच दिसतं. पुठ्ठा मुकादमानंच स्वतःच्या हातानं लावायचा, तुम्ही लावायचा नाही. फेज प्लॅन (एका टप्प्यातल्या कामांचा क्रम) करताना शेवटून मागं या: फ्लॅट कधी द्यायचाय, त्याआधी पेंट, त्याआधी फरशी, असं प्रत्येकानं "मला सुरू करायला आधीच्याकडून काय पाहिजे" एवढंच सांगायचं. कानडी-तेलुगूचं म्हणाल तर सोलापुरात तुमच्या स्टोअरकीपरला तिन्ही भाषा येत असणार, त्याला बसवा.

---

वायरिंगवाले_अक्कलकोटरोड

हे ताबा द्यायचं नियोजनवाल्यांनी लिहिलं ते बाथरूमपासून सुरू करा, सगळ्यात जास्त फोडाफोडी तिथंच होती. आमच्यासाठी क्रम असा पाहिजे: ब्लॉकवर्क, चौकट, भिंतीवर लेव्हलची लाइन, मग आम्ही आणि प्लंबर झिरी मारणार, पाइप बसले की प्रेशर टेस्ट, ती पास झाल्याशिवाय झिरी बुजवायची नाही, मग वॉटरप्रूफिंग, पाणी भरून ठेवायचं, खालच्या मजल्याचं सीलिंग कोरडं आहे हे खालच्या फ्लॅटच्या मुकादमानं स्वतः बघायचं, त्यानंतर टाइल. गिझरचा पॉइंट आणि एक्झॉस्टचं भोक हे दोन नेहमी विसरतात आणि टाइल बसल्यावर आठवतात. बाथरूमच्या दारावर खडूनं किंवा मार्करनं एकेक खूण करत जायची, ज्याची खूण नाही त्याच्या पुढच्यानं आत जायचं नाही. हे एवढं जरी पाळलं तरी आमच्यासारख्यांचा जीव भांड्यात पडतो.

अजून एक, पुण्याचा वॉटरप्रूफिंगवाला दोन बाथरूमसाठी येणार नाही, त्याला एका खेपेला निदान एका मजल्याची सगळी पाहिजेत. म्हणून त्याच्या खेपेवरून बाकीच्यांचं ठरवा, सगळ्यांच्या सोयीनं त्याला बोलवायचं म्हणाल तर तो महिना घालवेल.

---

सिव्हिलचा_मास्तर

वायरिंगवाल्यांचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. फक्त एक भर घालतो, मजल्याच्या सगळ्या बाथरूम साठवून एकदम दिल्या की मधे थांबण्याचा वेळ वाढतो, म्हणून विंगेचा अर्धा मजला हा एक हिस्सा धरून बघा, तेवढ्यासाठी तो यायला तयार होतो का विचारा. हिस्सा जेवढा लहान तेवढा मागून येणारा ठेकेदार लवकर आत शिरतो. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा द्यावा लागला तरी टाइलवाला मोकळा बसण्यापेक्षा स्वस्त पडेल, हिशोब करून बघा.

---

बांधकाममालक_सोलापूर

मी दंडाच्या बाजूनं बोललो होतो, पण दोघांच्या सहीची अट मला मान्य होण्यासारखी आहे, कारण त्यात ठेकेदार पण बांधला जातो. बिलाचं म्हणाल तर महिन्याच्या मोजमापावर रनिंग बिल काढायची पद्धत आहे आपल्याकडं, त्यात मोजमापाचाच वाद आठवडाभर चालतो. त्याऐवजी ताबा दिलेल्या फ्लॅटवर रक्कम ठरवून पंधरा दिवसाला बिल दिलं तर? मोजायलाच नको, पुढच्या ठेकेदारानं खोली ताब्यात घेतली म्हणजे काम झालं. रिटेन्शनचे (बिलातून राखून ठेवायचे) ५ टक्के तेवढे नेहमीप्रमाणं धरून ठेवणार. वायरिंगवाले, तुम्हाला असं चालेल का?

---

वायरिंगवाले_अक्कलकोटरोड

पळेल मालक. पण फ्लॅटचे दोन टप्पे करा, झिरी-पाइप-बॉक्सचा एक आणि वायर ओढून स्विच बसवल्याचा एक. दोन्हीच्या मधे गिलावा आणि पेंट येतो, तो आमच्या हातात नसतो, तोपर्यंत पैसे अडकायला नकोत. आणि तांब्याच्या वायरचा भाव रोज हलतो म्हणून वायर तुम्ही घेऊन द्या, आम्ही मजुरीवर करतो. एवढं असेल तर माझी चांगली पोरं तुमच्याकडं येतील, हे लिहून देतो.

---

विजापूररोड_साइट

दोन टप्प्यांचं प्लंबरला पण विचारलं, तो लगेच तयार झाला. सोमवारपासून ए विंगच्या वरच्या दोन मजल्यांवरच सुरू करतोय, बी विंग आहे तशीच चालू ठेवणार म्हणजे फरक बघता येईल. बोर्ड सुताराकडं टाकलाय. टँकर, टाइल सिलेक्शन आणि टॉयलेटचं डिटेल या तीन अडचणी माझ्या नावावर आहेत, आर्किटेक्टकडं उद्या सकाळी जाऊन बसतो. कारणांची यादी महिनाभरानं इथंच टाकतो, त्यात माणसं कमी हे कितव्या नंबरला आलं ते पण लिहीन.